डब्यात टाकळ्याची भाजी दिली की गिऱ्हाईकं चिडतात, काय करावं?

केळफूल_पुणे
नमस्कार मंडळी. मी कोथरूडला घरगुती डबे देते, बहुतेक आयटीतली नाहीतर क्लासची मुलंमुली आणि थोडे एकटे राहणारे सीनियर सिटिझन. पावसाळा लागला की आमच्या इथे रविवारी मुळशीकडच्या दोन मावश्या येऊन बसतात, टाकळा कुर्डू फोडशी भारंगी अशा रानभाज्या, जे मिळेल ते घेऊन. मी लहानपणापासून हे खाल्लेलं आहे म्हणून वाटलं आठवड्यातून एकदा डब्यात द्यावं, पावसातली ती चिखलाने भरलेली मेथी आणि तिचा दर बघून तसाही जीव जातो.

तर मागच्या गुरुवारी टाकळा दिला. अगदी कोवळा, लसूण-मिरचीची फोडणी, भिजवलेली हरभरा डाळ, वरून ओलं खोबरं, म्हणजे हात आखडता घेतला नव्हता. दुपारी व्हॉट्सॲपवर सुरू झालं. एकाने फोटो टाकून विचारलं काकू हे गवत आहे का. एकीने झाकण उघडून तसाच डबा परत पाठवला. आणि एक काका आहेत, स्वतः सातारा साइडचे, ते म्हणाले आमच्या गावी ढोरं याला तोंड लावत नाहीत आणि तुम्ही पैसे घेऊन आम्हाला घालता. एकाने त्या दिवसाचे पैसे कापायला लावले, कापले मी. आणि याच ग्रुपवर मागे कोणीतरी कृषी खात्याच्या रानभाजी महोत्सवाची जाहिरात फॉरवर्ड केली होती तिला याच लोकांनी धडाधड अंगठे दिले होते!!

फायदे काय आहेत ते मला माहितीये, ते नका सांगू. लोकांनी तोंड वाकडं न करता खावं म्हणून काय करता येईल ते सांगा. मेस, हॉटेल, ऑफिस कॅन्टीन असं कुठे कोणी चालवून बघितलंय का? की नाद सोडून आपलं बटाटा-कोबी चालू ठेवू?

पोटोबा_प्रसन्न
काका चूक नाही बोलले हो, टाकळ्याला गुरं खरंच तोंड लावत नाहीत, म्हणून तर रस्त्याच्या कडेला तो एवढा माजतो. पण गुरांना लसणाची फोडणी कोण देतं 😄

माझं मत, पहिल्या झटक्यात पालेभाजी म्हणून समोर ठेवायचीच नाही. नवीन माणसाला हिरवा लगदा दिसला की तो आधीच नाराज होतो, मग ती मेथी का असेना. फोडशी बारीक चिरून बेसनात घालून भजी करा, बाहेर पाऊस, डब्यात भजी, कोण नाही म्हणणार. कुर्डू थालीपिठात चांगला जातो. आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनवाल्याने फोडशीची भजी केली तर लोक कांदाभजी समजून खाऊन मोकळे झाले आणि नंतर कळल्यावर परत मागायला गेले. टाकळा मात्र दुसऱ्या वर्षी काढा, त्याला स्वतःचा एक वास आहे तो लपत नाही.

ठाण्याची_वैनी
वरच्यांचं भज्यांचं पटलं पण लपवून खायला घालायचं नाही पटलं. आणि गुरुवार कशाला निवडलात बाई, अर्ध्या लोकांना त्या दिवशी आधीच नॉनव्हेज नाही याचं दुःख असतं, त्यात टाकळा.

मी सीकेपी, आमच्याकडे शेवळं म्हणजे काय असतं ते सांगते मग तुम्हीच ठरवा लोक कशावरून ठरवतात ते. पहिला पाऊस पडायच्या सुमाराला जंगलात जमिनीतून ते जांभळट तपकिरी कोंब वर येतात, सुरणाच्या जातीचं झाड आहे ते. दिसायला काही फार सुंदर नाही. वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून फेकायचा, उरलेलं बारीक चिरायचं, आणि एवढं करून ते घशाला खाजतं! म्हणून त्याच्यासोबत काकडं घ्यावी लागतात, ती छोटी हिरवी आंबट फळं, शेवळं विकणारी बाईच ती बाजूला ठेवते, तिने दिली नाहीत तर शेवळं घ्यायचीच नाहीत असा माझ्या सासूबाईंचा नियम. काकडं ठेचून त्यांचं पाणी काढून भाजीत घालायचं, खाज जाते. मग त्यात सोडे (सुकवलेली कोळंबी) किंवा ओली कोळंबी किंवा खिमा. निवडण्यात सकाळ जाते, भाव ऐकाल तर डोळे पांढरे होतील, आणि तरी ठाण्याच्या मार्केटमध्ये सकाळी लवकर गेलं नाही तर मिळत नाहीत. पुण्या-बडोद्याला दिलेल्या मुलींना आया फ्रीज करून पाठवतात.

आता मला सांगा, टाकळा खाजत नाही, साफ करायला सोपा, स्वस्त, चवीला मेथीच्या जवळ जाणारा. तरी तो गवत आणि शेवळं मेजवानी. का? कारण शेवळं पाहुणे आले की होतात, जावयाला करतात, सोड्यात पडतात. टाकळा काही नव्हतं तेव्हा करायचे. चवीवरून कोणी ठरवत नाही हो, कुठल्या पानात आणि कोणाच्या पानात वाढलेलं बघितलंय त्याच्यावरून ठरतं.

म्हणून माझा सल्ला, टाकळ्याला एखादा मान द्या. एरवीच्या पोळीभाजीत कोंबू नका. एखाद दिवस तांदळाची भाकरी, टाकळा, कुळथाचं पिठलं, लसणाची चटणी असं पान करा आणि त्या पानाचे चार पैसे जास्त लावा. आणि ऋषीपंचमीला ऋषीची भाजी द्याच, त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं त्यामुळे आपोआप उगवलेलं, हाताने खणलेलं हेच चालतं. तुमचे सीनियर सिटिझन त्या दिवशी गवत म्हणणार नाहीत बघा, उलट अमुक एक पान का नाही घातलं म्हणून भांडतील.

तरोटा_मिरची
वरचं वाचून हसू पण आलं अन् राग पण. आमच्याकडे टाकळ्याला तरोटा म्हणतात, पहिला पाऊस पडला का घरोघरी होते, उन्हात वाळवून पण ठेवतात मागून खायला. गडचिरोलीकडे तर वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, कुड्याची फुलं, मोहफुलं, कायकाय खातात, तिथं कोणी विचारत नाही का बाप्पा लोकांनी हे स्वीकारलं का नाही. हा प्रश्न तालुक्याच्या गावी आलं की सुरू होते. मी आठवीत आश्रमशाळा सोडून शहरातल्या शाळेत आलो तर डब्यात तरोटा असला का पोरं म्हणायची आला पालापाचोळा. मी झाकणाच्या आड खायचो, मग आईला म्हटलं बटाट्याची देत जाय. आता त्याच शहरात महोत्सवात त्याच भाजीचा स्टॉल लागते, बॅनरवर लिहिते "आदिवासींचा ठेवा", फीत कापायला साहेब येते. चांगलं आहे, लागू द्या. पण स्टॉलवरची बाई दुसऱ्या दिवशी बाजारात बसली का तिच्याशी पाच रुपयासाठी घासाघीस करणारे पण तेच लोक.

तर ताई तुम्ही डब्यात देता हे मला आवडलं, फक्त त्या मावश्यांना भाव पाडून मागू नका आणि गिऱ्हाइकाला सांगा का ही भाजी कोणत्या बायांनी कुठून आणली. आणखी एक, जंगलात जायचा हक्क असला तरच ही भाजी येते. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे सगळ्या गावाला मिळून जंगलावरचा हक्क भेटला, तसा सगळ्याईले कुठं भेटला, आमच्या मामाच्या गावी अजून गार्ड टोपली बघून अडवते. जंगल बंद झालं का शहरातल्या ताटातली रानभाजी पण बंद, मग स्वीकारा का नका स्वीकारू.

बॉटनीवाला_मास्तर
मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचो, आता रिटायर. मला एक वेगळं म्हणायचंय. "काकू हे गवत आहे का" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, तो योग्य प्रश्न आहे. अनोळखी पाला समोर आला तर माणसाने विचारलंच पाहिजे.

टाकळ्याचाच एक भाऊबंद आहे कासविंदा, काही ठिकाणी त्याला रानटाकळा पण म्हणतात, दोन्ही रस्त्याच्या कडेला शेजारी शेजारी उगवतात आणि दोघांना पिवळी फुलं येतात. पश्चिम उत्तर प्रदेशात सहारनपूरच्या भागात बरीच वर्षं लहान मुलं आजारी पडून दगावायची, आधी मेंदूज्वर समजत होते, मग डॉक्टरांनी माग काढला तेव्हा कळलं की मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खात होती. ओडिशात मलकानगिरीला २०१६ मध्ये मुलं गेली तेव्हा पण या झाडाचं नाव पुढे आलं. घाबरवण्यासाठी सांगत नाही, ओळखायला सोपं आहे. टाकळ्याच्या एका पानाला पानोळ्यांच्या, म्हणजे एकाच देठावरच्या छोट्या पानांच्या, साधारण तीन जोड्या असतात आणि प्रत्येक पानोळी टोकाला गोल, रुंद. कासविंद्याच्या पानोळ्या जास्त, टोकाला अणकुचीदार, आणि चुरगळलं की उग्र घाण वास. टाकळ्याची शेंग बारीक लांब वाकडी, कासविंद्याची चपटी आणि बऱ्यापैकी सरळ. वर्षानुवर्षं तोडणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही, पण हल्ली मोबाईलवर फोटो टाकून ॲप सांगेल ते शिजवणारे निघालेत त्यांची मला काळजी वाटते. कळलावीसारखं विषारी झाड पण याच दिवसात याच बांधावर उगवतं. आणि अळंबी तर माहितीतल्या माणसाशिवाय नकोच नको.

दुसरं म्हणजे झाड कोणतं याच्याइतकंच ते कुठून तोडलं हे महत्त्वाचं. शेताच्या बांधावर हल्ली तणनाशक मारतात, मारल्यावर लगेच पान सुकत नाही, हिरवंगार दिसतं. रेल्वेलाइन, नाला, हायवेची कड, तिथला पाला फुकट मिळाला तरी घेऊ नका.

डब्यात ज्यांना किडनी स्टोनचा त्रास आहे त्यांना घोळ, अळू असं देण्याआधी सांगा, ऑक्झॅलेट असतं. टाकळा फुलावर आलेला, जून झालेला असेल तर काहींचं पोट ढिलं होतं, म्हणून कोवळा तोच घ्या आणि पहिल्यांदा वाटीभरच द्या.

केळफूल_पुणे
बापरे मास्तर, तुम्ही सांगितल्यावर घरातला उरलेला टाकळा बाहेर काढून पानोळ्या मोजल्या 😅 तीनच जोड्या, गोल टोकं, जिवात जीव आला. मावश्यांना काल विचारलं कुठून तोडता, तर त्या हसल्या, म्हणाल्या डोंगराच्या उतारावरून, भातखाचरात औषध मारलंय तिकडे आम्ही पोरांना पण जाऊ देत नाही.

भारंगी उकळून पाणी टाकायचं ते मी करते. बांबूच्या कोंबांचं काय? मावशी पुढच्या रविवारी आणते म्हणाली.

बॉटनीवाला_मास्तर
कोंब पातळ चिरून उकळून ते पाणी फेकायचंच, एकदा नाही दोनदा, कच्च्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. नीट शिजवले की काही भीती नाही. पण पहिल्या वर्षी डब्याच्या धंद्यात नका घेऊ, घरी खा.

फोंड्याचो_माणूस
हे सगळं वाचून गंमत वाटली. गोव्यात आमच्याकडे पाऊस पडला की ताळखिळ्याची भाजी घरात झाली नाही असं होत नाही, म्हणजे तुमचा टाकळाच. फणसाच्या बिया म्हणजे आठळ्या उकडून ठेचून घालतात, वर भरपूर खोबरं. तेरं म्हणजे रानटी अळू, ते पण खातात. ऑफिसर पण खातो आणि शिपाई पण. तुमच्या डाळीच्या जागी आठळ्या घालून बघा, दाताखाली काहीतरी लागतं मग पाला पाला वाटत नाही.

जर्सीची_सून
इकडे न्यू जर्सीत उलटाच प्रकार. घोळ आमच्या ड्राइव्हवेच्या फटीत उगवते, चाकवत बॅकयार्डच्या कडेला, शेजारी दोन्ही तण म्हणून उपटून फेकतात. आणि शनिवारी फार्मर्स मार्केटमध्ये तीच घोळ "पर्स्लेन" अशी पाटी लावून जुडीला चार डॉलर, शेजारीणच घेत होती सॅलडसाठी!! मी अंगणातली खात नाही कारण कॉलनीवाले लॉनवर काय फवारतात देव जाणे, मेक्सिकन दुकानातून आणते, ते लोक तिला वेर्दोलागास म्हणतात आणि डुकराच्या मटणात घालतात. आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकला मी घोळीची ताकातली भाजी नेली होती. पातेलं रिकामं झालं, पण सगळ्यात आधी इथे जन्मलेली मुलं आली, ज्यांना गरिबाची भाजी वगैरे काही माहीतच नाही. त्यांच्या आया मात्र "अय्या ही घोळ ना, आमची आजी करायची" म्हणत लांबून बघत होत्या.

नावात_काय
एकच विनंती, सुपरफूड, डायबेटीस जातो, कॅन्सर होत नाही असं लिहून विकू नका. आमच्या सोसायटीत एक जण असाच "वनौषधी थाळी" विकायचा, आजारी माणसं आशेने घ्यायची, चव म्हणजे निव्वळ शिक्षा. भाजी आहे, भाजी म्हणून द्या.

मांजराकाठचा
मी लातूरकडचा, पुण्यात नोकरी. वडील माझ्याकडे असतात. ७२ च्या दुष्काळात ते तरणे होते, खडी फोडायला जायचे, तिथे खायला वाटायची ती सुकडी मिळायची आणि ती अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, तिच्या भाकरीला चव नव्हती म्हणतात. तीही नसेल तर पाथरी, तांदुळजा, तरवट जे हिरवं दिसेल ते मीठ घालून उकडून खायचे, तेल नव्हतं. माझी बायको मुंबईची, तिने कौतुकाने एकदा बाजारातून पाथरी आणली, तिळकूट वगैरे घालून केली. वडिलांनी ताट सरकवलं. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले पाल्यावर दिवस काढलेत, आता तरी नको. त्या दिवशी त्यांनी दूध-भाकरी खाल्ली.

तुमच्या साताऱ्याच्या काकांचं वय काय आहे मला माहीत नाही. पण माण-खटावकडचे असतील तर तिकडेही तेच दिवस होते. त्यांना पटवायला जाऊ नका, आदल्या दिवशी विचारा आणि बटाट्याची द्या. तरुण पोरांच्या मनात असलं काही नसतं, त्यांना फक्त ओळख नाही. दोघांना एकच औषध चालणार नाही.

पोटोबा_प्रसन्न
हे आवडलं. भज्यांचा सल्ला कायम ठेवतो, पण आधी सांगून द्या.

केळफूल_पुणे
काका पंचाहत्तरीचे आहेत, आणि हो, माणकडचेच. आज डबा घ्यायला आले तेव्हा बोलले माझ्याशी बराच वेळ, सगळं इथे लिहीत नाही.

ठरवलंय असं. रानभाजीचा दिवस आता शनिवार, भाकरीचं पान वेगळं, दहा रुपये जास्त. शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर भाजीचा निवडलेला आणि शिजवलेला असे दोन्ही फोटो, मावश्यांनी कुठल्या बाजूने आणली ते, आणि ज्याला नको त्याने बटाटा लिहायचं. या शनिवारी फोडशीची भजी आणि सोबत कुर्डूची थोडीशी वाटी. आतापर्यंत एकवीस जणांनी हो म्हटलंय, सात बटाटे, बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे बघून सोडून दिलंय. ज्याने पैसे कापायला लावले तो भजीला हो म्हणाला!

फोडशी जास्त प्रमाणात कधी केली नाहीये, साफ करायला किती वेळ धरू?

ठाण्याची_वैनी
दोन जणी असाल तर तास दीड तास धरा. मुळाकडचा पांढरा दांडा असतो ना, त्यातला कडक भाग मोडून काढून टाका, तो शिजत नाही, चोथा लागतो. पानांच्या बुडाशी माती अडकलेली असते, मोठ्या घमेल्यात पाणी दोनतीनदा बदला, नळाखाली धरून निघत नाही. आणि मावशीला सांगा वरून कापून आण, मुळासकट उपटू नको, मुळं राहिली तर पुढच्या वर्षी त्याच जागी येते. बेसनात मीठ आधी घालू नका, पाणी सुटतं.